वटवाघळे, घरातील (जुन्नर-आंबेगाव परिसर)

कौलारू घरांच्या आढ्याखाली, वाड्यांच्या माळ्यावर किंवा भिंत आणि वासे यांच्यामधल्या फटीत वस्ती केलेल्या वटवाघळांना इजा न करता बाहेर जाऊ देणे आणि मग त्यांची वाट बंद करणे, हा या नोंदीचा विषय. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत हा प्रश्न डोके वर काढतो तो बहुधा मे महिन्यात. पावसाळ्याआधी कौले चाळायला माणूस छपरावर चढतो, एक रांग उचलतो आणि रीपांना चिकटून बसलेल्या पाकोळ्या (लहान वटवाघळे) उघड्या पडतात. बऱ्याच जातींच्या माद्या नेमक्या याच दिवसांत गाभण असतात किंवा पोटाशी पिल्लू घेऊन असतात. घर दुरुस्तीची निकड आणि वटवाघळांचा विणीचा हंगाम यांची ही गाठ सोडवणे, हेच या कामातले खरे कौशल्य.

हा परिसर वटवाघळांना सोयीचा आहे. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरीच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. पश्चिमेला भीमाशंकरचे जंगल आहे, त्याला १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पूर्वेला नारायणगाव-मंचरच्या पट्ट्यात टोमॅटो, बटाटा, कांदा, द्राक्षे अशी बागायती आहे आणि तिथे रात्री उडणाऱ्या पतंगांना तोटा नाही. टोमॅटोची फळे पोखरणाऱ्या अळीचा पतंगही रात्रीच फिरतो. कीटकभक्षी वटवाघूळ एका रात्रीत आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कीटक खाऊ शकते. त्यामुळे घरमालकाला नकोशी असलेली ही वस्ती शेजारच्या शेताला हवीशी असते, आणि अनेकदा घर व शेत एकाच कुटुंबाचे असते.

घरात राहणाऱ्या जाती थोड्याच. सर्वांत लहान पाकोळी जेमतेम दोन-चार ग्रॅमची असते. बोट शिरेल एवढी फट तिला पुरते. पिवळट पोटाचे थोडे मोठे वटवाघूळ छपराच्या पोकळीत किंवा ताडाच्या झावळ्यांत राहते. ओस पडलेल्या वाड्यात किंवा जुन्या गोठ्यात मोठ्या कानांचे मांसभक्षी वटवाघूळ सापडते. ते बेडूक, उंदीर, लहान पक्षी पकडून आणते आणि खाली पाय-पंख टाकते. ते पाहून ‘रक्तपिपासू’ अशी समजूत पसरते, पण रक्त पिऊन जगणारी वटवाघळे फक्त अमेरिका खंडांत आहेत. फळे खाणारी वटवाघळे सहसा झाडांवर किंवा गुहांत राहतात. पडवीत चघळलेल्या फळांचा चोथा दिसला तर ती तिथे फक्त जेवायला येतात असे समजावे.

माळ्यावर उंदीर आहेत की वटवाघळे, हे लेंड्यांवरून कळते. भिंतीकडेला पडलेली काळपट, सुकी लेंडी कागदात धरून दाबली की तिची भुकटी होते आणि भुकटीत किड्यांच्या पंखांचे व कवचांचे चकाकणारे कण दिसतात. उंदराची सुकी लेंडी अशी सहज चुरत नाही. ये-जा करण्याच्या फटीच्या कडेवर तेलकट, काळपट डाग असतो. अंगाच्या घासण्याने तो पडतो. तेवढ्यावर न थांबता दोन-तीन संध्याकाळी दिवेलागणीला अंगणात उभे राहून कुठल्या फटीतून किती बाहेर पडतात ते मोजावे. ज्या घरांत हे मोजणे टाळले जाते, तिथे नको ती फट बुजवली जाते आणि वस्ती आतच अडकते. मग माद्या बाहेर, पिल्ले आत, आणि पंधरवडाभर घरात कुबट दुर्गंध.

काळ कोणता निवडावा, याचे उत्तर जातीनुसार बदलते. वटवाघळांच्या प्रजननावर ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागपुरात दीर्घकाळ संशोधन केले. मोठ्या कानांच्या मांसभक्षी वटवाघळाचा समागम नोव्हेंबरच्या सुमारास होतो आणि पिल्ले एप्रिल-मे मध्ये जन्मतात. गुहांत राहणारे एक फलाहारी वटवाघूळ वर्षातून दोनदा विते, तर सर्वांत लहान पाकोळीची वीण वर्षभर चालू असते. पिल्लू उडायला लागेपर्यंत महिना-दीड महिना जातो. म्हणून मार्च ते ऑगस्ट हात लावू नये. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ सर्वांत बरा, दिवाळीची साफसफाई आणि रंगसफेदीही त्यातच येते. तरीही आधी बॅटरीच्या उजेडात पाहून घ्यावे. गुलाबी, बिनकेसाची पिल्ले दिसली तर काम महिना-दीड महिना पुढे ढकलावे. मे महिन्यात कौले चाळताना वस्ती सापडलीच, तर त्या पाख्याच्या दोन-तीन रांगा तशाच ठेवून बाकीचे छप्पर उरकता येते.

प्रत्यक्ष पद्धत साधी आहे. मुख्य फट सोडून बाकीच्या आधी बुजवायच्या. मुख्य फटीवर बारीक विणीच्या जाळीचा पडदा लावायचा. नारायणगावकडे रोपवाटिकेतून उरलेले शेडनेट यासाठी चालते. पडदा वरून आणि दोन्ही बाजूंनी पक्का, खालून मोकळा. भिंतीपासून किंचित सुटा आणि फटीच्या खाली दीड-दोन फूट लोंबता. वटवाघूळ संध्याकाळी फटीतून निघते, जाळीच्या आतून भिंतीवर सरकत खाली येते आणि मोकळ्या कडेतून उडते. परतताना ते सवयीने थेट फटीच्या जागी येते, जाळीला धडकते आणि खालचे तोंड त्याला सापडत नाही. मोठ्या विणीची जाळी मात्र वापरू नये, तिच्यात पंख अडकतात. पडदा किमान आठवडाभर राहू द्यावा, कारण जोराच्या पावसात काही वटवाघळे बाहेरच पडत नाहीत. दोन संध्याकाळी एकही बाहेर आले नाही की मग चुना-वाळू, सिमेंट किंवा फळीने फट बंद करावी. मंगळुरी कौलांच्या छपराला एवढ्या फटी असतात की त्या एकेक बुजवणे शक्य नसते. तिथे वळचणीला, म्हणजे भिंतीचा माथा आणि कौले यांच्यामध्ये, आणि आढ्याच्या दोन्ही टोकांना ताणून जाळी मारणे किंवा खाली फळ्यांची तक्तपोशी करणे हाच टिकाऊ उपाय.

धूर, मिरचीची धुरी, डांबरगोळ्या, चिकट पट्ट्या यांनी वटवाघळे मरतात किंवा घराच्या आतल्या बाजूला पळतात. पकडून दूर सोडण्याचाही उपयोग नाही, वटवाघळे कित्येक किलोमीटरांवरून परत येतात. जुन्नरला हा धडा बिबट्यांनी आधीच दिला आहे. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासानुसार, १९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले झाले. पकडलेले २९ बिबटे या परिसरात सोडल्यावर, २००१ ते २००३ दरम्यान, ती सरासरी १७ वर गेली. प्राणी हलवून प्रश्न हलत नाही, हे इथल्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही.

एखादे वटवाघूळ खोलीत शिरले तर सर्वांत आधी पंखा बंद करावा. पंख्याच्या पात्यांनी ते जागीच मरू शकते. आतली दारे लावावीत, खिडकी उघडावी, दिवा मालवावा. बहुतेकदा ते स्वतःच निघून जाते. जमिनीवर पडले असेल तर जाड हातमोजे घालून त्यावर खोका ठेवावा, खालून पुठ्ठा सरकवावा आणि अंधार पडल्यावर झाडाच्या खोडावर सोडावे. सपाट जमिनीवरून अनेक जातींना झेप घेता येत नाही.

उघड्या हाताने मात्र कधीच धरू नये. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. यात घाबरून कत्तल करण्याजोगे काही नाही, अंतर ठेवण्याजोगे मात्र आहे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुवून लगेच दवाखाना गाठावा. विष्ठा कोरडी झाडू नये. आधी पाणी शिंपडावे, तोंडाला मास्क बांधावा. उष्टी फळे खाऊ नयेत.

कायद्यात फलाहारी वटवाघळे पूर्वी उंदीर-कावळ्यांबरोबर ‘उपद्रवी’ परिशिष्टात होती. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२३ पासून, ते परिशिष्टच गेले. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने वटवाघळांचा रिकामा निवाराही संरक्षित आहे, आपल्याकडे अजून तेवढी तरतूद नाही आणि ती असायला हवी. मोठी वस्ती, जखमी प्राणी किंवा अडकलेली पिल्ले आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर कळवता येते.