पुनर्गायन व गीतकर्तृत्व

पुनर्गायन व गीतकर्तृत्व : एका गायकाने ध्वनिमुद्रित केलेले गीत दुसऱ्या गायकाने पुन्हा गाऊन ध्वनिमुद्रित करणे, यास पुनर्गायन म्हणतात. पाश्चात्त्य ध्वनिमुद्रण-व्यवसायात अशा गीतास ‘कव्हर’ आणि भारतात ‘व्हर्शन’ ही संज्ञा रूढ आहे. पुनर्गायन करताना गायक पुष्कळदा मूळ शब्द बदलतो, काही नवे जोडतो. क्वचित हे जोडलेले शब्दच गीताची ओळख बनतात. अशा वेळी गीतकार म्हणून कोणाचे नाव लागावे आणि गीतावरील स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, कोणास मिळावी, हा प्रश्न विसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेषत्वाने पुढे आला.

मौखिक परंपरेत हा प्रश्न सहसा उद्भवत नव्हता. लोकगीतात गाणारा आपल्या पदरची भर घाली आणि ती निनावीच राही. मराठी संतकाव्यात तर नाममुद्रेमुळे भर घालणाऱ्याचे नाव मूळ कवीच्या नावात विरून गेले. तुकारामांच्या मुद्रेने गाथेत शिरलेले प्रक्षिप्त अभंग हे त्याचे परिचित उदाहरण होय. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गायनातही गायकाने ऐन वेळी शब्द वाढवावेत व समूहाने त्यांना साद द्यावी, हीच रीत होती. नाव व द्रव्य यांची सांगड पडली, ती गीते छापून आणि पुढे यंत्राने मुद्रित करून विकली जाऊ लागल्यावर.

छिद्रांकित कागदी गुंडाळीवर वाजणाऱ्या पियानोसंबंधीच्या खटल्यात १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी गुंडाळी ही गीताची प्रत नव्हे, असा निर्णय दिला. त्यावर उपाय म्हणून १९०९ च्या प्रताधिकार कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद करण्यात आली. गीताच्या यांत्रिक मुद्रणास मालकाने एकदा अनुमती दिली, की प्रत्येक प्रतीमागे २ सेंट भरून कोणासही ते गीत मुद्रित करता येऊ लागले. हा दर १९७७ अखेरपर्यंत कायम राहिला. गायकास त्यामुळे गीत मिळाले. गीतातील वाटा मात्र मिळाला नाही. मूळ कृतीवरून केलेल्या रूपांतरास स्वतंत्र संरक्षण हवे असेल, तर मूळ मालकाची संमती आवश्यक होती. संमतीवाचून जोडलेल्या ओळी, त्या कितीही चांगल्या असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने जोडणाऱ्याच्या ठरत नव्हत्या.

या व्यवस्थेचे काही नमुने विलक्षण आहेत. कुर्ट व्हाइलचे संगीत व बेर्टोल्ट ब्रेख्तचे जर्मन शब्द असलेल्या १९२८ मधील एका नाट्यगीताच्या मार्क ब्लिट्झस्टाइनकृत इंग्रजी रूपात, ‘मॅक द नाइफ’मध्ये, लूई आर्मस्ट्राँगने १९५५ मध्ये व्हाइलची पत्नी लोटे लेन्या हिचे नाव गाता गाता गोवले. बॉबी डॅरिनने १९५९ मध्ये ते तसेच ठेवले. फेब्रुवारी १९६० मध्ये बर्लिन येथे तेच गीत गाताना एला फिट्झजेरल्डला शब्द आठवेनात, तेव्हा तिने जागच्या जागी नवे शब्द रचून गीत पुरे केले आणि त्या ध्वनिमुद्रणास ग्रॅमी पारितोषिक मिळाले. श्रेय अर्थातच मूळ रचनाकारांचेच राहिले. ‘हाउंड डॉग’ हे गीत जेरी लायबर व माइक स्टोलर यांनी १९५२ मध्ये विली मे थॉर्नटन या गायिकेसाठी रचले. फ्रेडी बेल व त्याच्या वाद्यवृंदाने त्याचे शब्द बदलले आणि एल्व्हिस प्रेस्लीने १९५६ मध्ये हा बदललेला पाठ उचलून जगभर पोहोचविला. लायबरला तो रुचला नव्हता. तथापि रचनाकार म्हणून नावे त्या दोघांचीच लागली, बेलचे कोठेही नाही. उलट, त्याच वर्षी ‘डोन्ट बी क्रूएल’ या ओटिस ब्लॅकवेलच्या गीतावर प्रेस्लीचे नाव सहलेखक म्हणून छापले गेले, वस्तुतः त्याने त्यातील काहीच लिहिले नव्हते. तेव्हा श्रेयाची वाटणी केवळ लेखनावरून होत होती, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

प्रश्नाचे स्वरूप सर्वांत स्पष्ट झाले ते ‘रिस्पेक्ट’ या गीतात. ऑटिस रेडिंग (१९४१–६७) याने ते रचून १९६५ मध्ये स्वतः गायिले. दिवसभर राबून घरी परतणाऱ्या पुरुषाने पत्नीकडे मानाची मागणी करावी, असा त्याचा आशय. कृष्णवर्णीय संगीताच्या क्रमवारीत ते चौथ्या, तर सर्वसाधारण क्रमवारीत पस्तिसाव्या स्थानापर्यंत गेले. डेट्रॉइटमधील बाप्टिस्ट धर्मोपदेशक सी. एल. फ्रँक्लिन यांची कन्या अरीथा फ्रँक्लिन (१९४२–२०१८) हिने ते १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्क येथे अटलांटिक कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले. निर्माता जेरी वेक्सलर होता. गाणारी स्त्री असल्याने मागणीची दिशाच पालटली. शिवाय मूळ गीतात नसलेला एक मधला भाग आला, शीर्षकशब्दाची अक्षरे एकेक करून ठणकावून म्हणण्याची जागा आली आणि त्या काळच्या बोलीतले एक खट्याळ पालुपद तिच्या बहिणी कॅरोलिन व अर्मा मागून झपाट्याने घोळवू लागल्या. चर्चमधील साद-प्रतिसाद येथे बाजाराच्या गीतात उतरला. किंग कर्टिसच्या सॅक्सोफोनवादनाखालील स्वरसंगती आयझॅक हेझ व डेव्हिड पोर्टर यांच्या दुसऱ्याच एका गीतातून घेतलेली होती. त्यांचेही नाव कोठे लागले नाही.

जून १९६७ मध्ये हे ध्वनिमुद्रण सर्वसाधारण क्रमवारीत प्रथम स्थानी पोहोचले. नागरी हक्कांच्या व स्त्रीमुक्तीच्या चळवळींनी ते आपलेसे केले, आणि केले ते मुख्यत्वे त्या अक्षरोच्चारासाठी, जो रेडिंगने लिहिलाच नव्हता. त्याच महिन्यात माँटेरी येथील महोत्सवात रेडिंगने एका मुलीने आपले गाणे पळवल्याचे रंगमंचावरून विनोदाने सांगितले. डिसेंबरमध्ये विमान-अपघातात त्याचा मृत्यू झाला. गीतकार म्हणून आजही एकट्या रेडिंगचेच नाव आहे.

हे श्रेय कायद्याने निर्दोष आहे. शीर्षक, चाल व मूळ कल्पना रेडिंगचीच होती. परंतु श्रोत्यांनी जे विकत घेतले, त्याचा मोठा भाग फ्रँक्लिनचा होता, हेही नाकारता येत नाही. रेडिंगच्या स्टॅक्स कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांचे वितरण त्या काळी अटलांटिककडेच होते. संमती मागावयाची तर दार बंद नव्हते. गायिकेने शब्दांचा वाटा मागावा, अशी रीत मात्र नव्हती. याचा आर्थिक परिणाम दूरगामी झाला, कारण अमेरिकेत नभोवाणीवर गीत वाजले, की रॉयल्टी गीतकारास व प्रकाशकास मिळते, गायकास नाही. ध्वनिमुद्रणास संघीय कायद्याचे संरक्षणच मुळी १९७२ पासून मिळाले. अंकीय प्रसारणावर गायकांस मोबदला देण्याची तरतूद १९९५ मध्ये झाली. १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना ती ऑक्टोबर २०१८ मधील कायद्याने लागू झाली. फ्रँक्लिन त्यापूर्वी दोनच महिने निवर्तली होती.

अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याने जुनी स्थिती शब्दबद्ध केली. गायकाने आपल्या शैलीनुसार मांडणी बदलावी, पण मूळ चाल व गीताचे मूलभूत स्वरूप बदलू नये. आणि मालकाने स्पष्ट संमती दिल्याखेरीज अशा मांडणीस स्वतंत्र कृतीचे संरक्षण नाही. भारतीय कायदा याहून कडक आहे. १९५७ च्या अधिनियमाच्या कलम ५२ मधील तरतुदीच्या आधारे व्हर्शन-गीतांच्या ध्वनिफितींचा मोठा व्यापार १९८० नंतर येथे फोफावला. २०१२ च्या दुरुस्तीने ती तरतूद जाऊन कलम ३१ ग आले. त्यानुसार मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे पुनर्गायन करता येत नाही, दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते, आणि मालकाच्या संमतीने पूर्वी झालेला किंवा तांत्रिक दृष्ट्या अपरिहार्य असलेला बदल वगळता शब्दांत वा संगीतात कोणताही बदल चालत नाही. या परवान्याखाली भारतात फ्रँक्लिनसारखी भर घालावयाची झाल्यास गायिकेस प्रथम मालकाची परवानगी मिळवावी लागेल. श्रेयाच्या वाट्याची बोलणीही मग त्याच वेळी होऊ शकतील.