पिटकर्न बेटावरील लोकसंख्येचे चढउतार
दक्षिण प्रशांत महासागरातील पिटकर्न या ब्रिटिश बेटावरील वस्ती १७९० मध्ये ‘बाउंटी’ जहाजावरील ९ बंडखोर खलाशी आणि त्यांनी सोबत आणलेले पॉलिनेशियन स्त्रीपुरुष यांच्यापासून सुरू झाली. आपसांतील हत्या व आजार यांमुळे १८०८ मध्ये बंडखोरांपैकी एकटा जॉन ॲडम्स उरला होता. वंश टिकला तो मुख्यतः त्या स्त्रियांमुळे, आणि इतिहासाने त्यांची घेतलेली दखल अन्यायकारक वाटावी इतकी तुटपुंजी आहे. जमीन अपुरी पडू लागल्याने १८५६ मध्ये सर्व रहिवासी नॉरफोक बेटावर गेले, तथापि काही कुटुंबे लवकरच परतली. १९३७ मध्ये दोनशेंहून अधिक असलेली लोकसंख्या पुढे बहिर्गमनामुळे, म्हणजे शिक्षण व रोजगारासाठी मुख्यतः न्यूझीलंडला गेलेले तरुण न परतल्यामुळे, पन्नासच्या आसपास घसरली.