शंकरपटाची गाडी: एका सरळ शर्यतीचा मागोवा

शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या सरळ शर्यतीत, धावणाऱ्या गाडीत गाडी म्हणावे असे फारसे काही उरलेले नसते. साटी नाही, तट्ट्या नाहीत, बसायला फळी असलीच तर वीतभर. दोन हलकी चाके, एक आख, लांब दांडी आणि पुढे जू. एवढ्यावर धुरकरी, म्हणजे गाडी हाकणारा, पाय रोवून बसतो, कासरा सैल होतो आणि मोजक्या सेकंदांत सगळे संपते. बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, कापूस वेचून झाला आणि तूर घरात आली की मोकळ्या झालेल्या वावरांत पटाची धावपट्टी आखली जाते. तिथे जमलेली माणसे कोणाची जोडी किती वेळात आली याची चर्चा संध्याकाळपर्यंत करत राहतात; गाडीकडे मात्र क्वचितच कोणी निरखून पाहतो. ही गाडी कोण्या कारखान्यात तयार झालेली नाही. ओझे वाहणाऱ्या कष्टाच्या गाडीतून शेतकऱ्याने आणि गावच्या सुताराने एकेक भाग काढून टाकला, तेव्हा ती अशी झाली. हा प्रवास कोणी सलग लिहून ठेवलेला नाही, पण त्याच्या खुणा दूरदूरपर्यंत सापडतात. त्या खुणा धरून आपण मागे जाऊ.

सर्वांत जुनी खूण आपल्याच महाराष्ट्रात आहे. प्रवरेच्या काठी, आजच्या श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद येथे १९७४ मध्ये ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा एक रथ. बहुतेक अभ्यासक त्या उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. रथ जेमतेम ४५ सेंटिमीटर लांबीचा. दोन चाके, लांब दांडी, पुढे जुंपलेले दोन बैल आणि मागे उभा असलेला हाकणारा. त्याच्याभोवती पेटी नाही, माल ठेवायला जागा नाही. ही शर्यतीचीच गाडी असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण ओझ्याची गाडी ती नक्कीच नाही. चार हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या माणसाने बैलांमागे एवढी हलकी गाडी कल्पिली होती, हे लक्षात ठेवून आपण ऋग्वेदाकडे वळू. दहाव्या मंडलातील १०२ व्या सूक्तात मुद्गल ऋषीच्या शर्यतीची कथा येते. त्याच्याकडे रथाला जुंपायला धड जोडी नाही. एकीकडे बैल आणि दुसरीकडे लाकडाचा सोट, असे ते विलक्षण जुंपण. कासरा हाती घेतला तो त्याच्या पत्नीने, मुद्गलानीने, आणि तिने हजारावर गायी जिंकल्या. बैलांच्या शर्यतीची आपल्या वाङ्मयातली इतकी जुनी कथा एका बाईच्या विजयाची आहे. पुढे यज्ञसंस्था फुलली तेव्हा शर्यत विधीत शिरली. वाजपेय यज्ञात सतरा रथ, सतरा बाणांच्या टप्प्याइतके अंतर आणि टोकाला उंबराची फांदी रोवलेली. तिथे मात्र घोडे आले, आणि यजमानानेच जिंकायचे हेही आधीच ठरले. बैल राजवाड्यातून आणि यज्ञमंडपातून बाहेर पडला, असे दिसते. शेतात तो होताच.

राजेलोकांनी बैल पूर्णपणे सोडले नव्हते, हे आपल्याला एका परक्या लेखकाकडून कळते. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला रोमन लेखक ईलियन याने प्राण्यांविषयीच्या ग्रीक ग्रंथात भारतीयांच्या वेगवान बैलांचे वर्णन केले आहे. राजा आणि सरदार सोन्यारुप्याच्या पैजा लावत, रथाला मध्ये घोडा आणि दोन्ही बाजूंना एकेक बैल जुंपत, आणि तीस स्टेडिया, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर धाव होई. बैल घोड्याला मागे हटत नाहीत, याचे त्याला नवल वाटले. ऐकीव वर्णन म्हणून कोणी ते बाजूला सारील. पण कोल्हापूर-सांगलीकडे एकाच जुवाला घोडा आणि बैल जुंपून शर्यती होत आल्या आहेत, हे ज्याला ठाऊक आहे तो ईलियनला खोटे ठरवणार नाही.

आता आपण वऱ्हाडात येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खामगावचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला जाई. त्या बैलाला वेग नको होता. दम हवा होता. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव करत पुढे सरकला, आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावची शाखा सुरू झाली. लांबचा पल्ला आगगाडीने घेतला. बैलाकडे उरला तो शेतापासून बाजारापर्यंतचा आणि बाजारापासून स्टेशनापर्यंतचा. पटाच्या आजच्या रूपाला इथेच वळण मिळाले, असे मला वाटते. पल्ला आखूड झाला, रस्ते पक्के होत गेले, बाजारात लवकर पोचणाऱ्याला मान मिळू लागला, आणि सडपातळ, चपळ जोडी दाराशी असणे ही घराची प्रतिष्ठा झाली. जुन्या गॅझेटियरांत वऱ्हाडी बैलांचे खामगावी आणि उमरडा असे प्रकार नोंदलेले आहेत. गाड्यांतही अशीच वाटणी झाली. मालासाठी खाचर, माणसांसाठी दमणी आणि रेंगी. लग्नाला निघालेल्या दोन रेंग्या वाटेत बरोबरीला आल्या की कोण पुढे जातो यावरून ईर्षा पेटे. पट त्याच ईर्षेला गावाने दिलेली जागा होय.

विदर्भात या पटांभोवती एक अख्खा हंगाम उभा राहिला. अमरावती जिल्ह्यातले तळेगाव दशासर पटासाठी नावाजले, आणि तिथे बायकांचाही पट भरू लागला. मुद्गलानीची आठवण व्हावी असाच तो प्रसंग. भंडारा-गोंदियाकडे दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक अशी जोडच जुळली. पटाची रीतही बदलत गेली. दोन जोड्या बरोबर सोडल्या तर कोण पुढे, हे डोळ्यांनी ठरते. पण डोळ्यांवरून भांडणे होतात. हातात स्टॉपवॉच आले आणि एकेका जोडीची वेळ मोजून शेकडो जोड्यांची क्रमवारी लावणे शक्य झाले. मग ध्वनिक्षेपकावरून ‘सेकंद’ आणि ‘पॉइंट’ ऐकू येऊ लागले, आणि अलीकडे सेन्सर आले. घड्याळाने गाडी बदलली, ही यातली खरी गोष्ट. निकाल जेव्हा सेकंदाच्या शतांश भागावर लागतो, तेव्हा चाकावरची लोखंडी धाव जड वाटू लागते, आरे तासून बारीक होतात, साटी निघून जाते. सुताराचे कसब आता किती घातले यात राहिले नाही. मोडू न देता किती काढले, यात आले.

नेमकी हीच गोष्ट साता समुद्रांपलीकडे मोटारीच्या बाबतीत घडली. १९३२ मध्ये फोर्डने स्वस्त मोटारीत आठ सिलिंडरचे इंजिन बसवले. कॅलिफोर्नियातली गॅरेजात राबणारी पोरे अशा जुन्या गाड्या घेऊन मडगार्ड, टप, बंपर काढून टाकत आणि म्युरॉकच्या कोरड्या तलावाच्या तळावर त्या पळवत. १९३७ मध्ये त्यांची संघटना झाली, १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या, आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संस्था स्थापली. अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट. वळण नाही, घड्याळ हाच पंच. हीच ड्रॅग शर्यत. गाडी इतकी सोलली गेली की चालक मागच्या आखाच्याही मागे बसू लागला आणि इंजिन त्याच्या पुढ्यात आले. १९७० मध्ये गिअरपेटी फुटून डॉन गार्लिट्स यांच्या पावलाचा भाग गेला. त्यानंतर त्यांनी इंजिन पाठीमागे नेले आणि साऱ्या जगाने त्यांचे अनुकरण केले. आपल्याकडे लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’मध्ये मोटारी अशा सरळ धावल्या, तेव्हा पुष्कळांना तो नवा खेळ वाटला. वऱ्हाडच्या माणसाला तो ओळखीचा वाटायला हवा होता. तिकडच्या ड्रॅग शर्यतीच्या जुन्या गाड्या आज संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत, त्यांची मापे आणि वेळा ग्रंथांत आहेत. आपल्या जुन्या रेंग्या गोठ्यांत कुजत आहेत.

पटाच्या वाट्याला मधे एक मोठा खंड आला, आणि त्याला कारणेही खरी होती. काही जण बैलांना खिळ्याच्या तुतारीने टोचत, शेपट्या पिरगाळत, विजेचे झटके देत. ११ जुलै २०११ रोजी केंद्राने प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवरही बंदी आणली. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, पण उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता धाव १००० मीटरच्या आत, काठी-चाबूक वर्ज्य, जनावराची तपासणी सक्तीची, आयोजकाची ५० हजारांची अनामत, आणि छळ केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. हे नियम मला जाचक वाटत नाहीत. पट टिकायचा असेल तर तो याच अटींवर टिकावा.

पण बैलाची पटावरची वर्षे थोडी असतात. बंदीच्या काळात जोड्यांची एक पिढी न धावताच म्हातारी झाली, जाणते धुरकरी थकले, हलकी गाडी जुळवणारे सुतार दुसऱ्या कामाला लागले. आजची गाडी पुष्कळदा लोखंडी नळ्यांची असते, आणि बक्षिसात मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर मिळतो. म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरी वा गावात पटाची जुनी गाडी असेल तर ती सरपणात जाऊ देऊ नका. तिच्या चाकाची, आखाची, दांडीची मापे घ्या, छायाचित्र काढा. ती कोणत्या सुताराने केली, तिला कोणती जोडी जुंपली जाई, कोणत्या गावच्या पटात ती किती सेकंदांत आली, हे जाणत्या माणसांना विचारून वहीत उतरवा, आणि ती वही गावच्या वाचनालयात ठेवा. विचारायची माणसे अजून आहेत. हे काम याच हंगामात व्हायला हवे.