संगणकाचा प्रारंभक : एका हरवलेल्या किल्लीचा इतिहास

महानुभाव पंथाचे अनेक ग्रंथ 'सकळ' आदी सांकेतिक लिप्यांत बद्ध होते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे या पंथाचे महास्थान होय. ग्रंथ शाबूत होते. परंतु त्यांची किल्ली पंथाबाहेरील अभ्यासकांपाशी नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती उकलली व प्राचीन मराठी गद्याचे दालन खुले झाले. मजकूर नष्ट होणे निराळे आणि मजकुराकडे जाणारी वाट बुजणे निराळे, हा भेद संगणकासही लागू पडतो.

संगणक सुरू होताच कार्यप्रणालीस स्मृतीत आणणारा लहानसा कार्यक्रम म्हणजे प्रारंभक. 'बूट' ही संज्ञा 'बूटस्ट्रॅप' या शब्दाचा संक्षेप होय. स्वतःच्याच बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःस उचलण्याची कल्पना तीत आहे. १९८३ साली, ज्या वर्षी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, 'पीसी डॉस २.०' बरोबर तबकडीचे विभाग पाडण्याची पद्धत आली. तबकडीच्या आरंभीच्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट प्रारंभकास व ६४ बाइट विभागांच्या कोष्टकास मिळाले. कोष्टकात चारच नोंदी मावत.

एरिक बोलिन यांनी १९९५ साली आरंभिलेल्या 'ग्रब'चा पहिला अंश या ४४६ बाइटांत बसे; उर्वरित भाग लिनक्सच्या विभागात राही. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. लिनक्सचा विभाग पुसला की पहिला अंश उरतो, पुढील भाग सापडत नाही आणि यंत्र 'ग्रब रेस्क्यू' या सूचनेपाशी थांबते. विंडोज मात्र जेथल्या तेथे असते. मूळ स्थापना-तबकडीवरून यंत्र चालवून 'फिक्सएमबीआर' ही आज्ञा दिली असता केवळ प्रारंभक पुन्हा लिहिला जातो. विंडोज एक्सपीत ती दुरुस्ती-कक्षातून, तर व्हिस्टापासून 'बूटरेक' या साधनाद्वारे द्यावयाची असते.

२००५ साली स्थापन झालेल्या 'यूईएफआय' मंचाने प्रमाणित केलेल्या व्यवस्थेत हा उपाय गैरलागू ठरतो. तीत प्रारंभकाच्या फायली एका स्वतंत्र छोट्या विभागात राहतात आणि त्यांच्या नावांची व क्रमाची यादी यंत्राच्या कायम स्मृतीत असते. लिनक्स काढल्यावर जुनी नोंद तशीच राहते. प्रथम यादीत विंडोजचा क्रम वर आणावा. त्याच्या फायलीच गेल्या असल्यास 'बीसीडीबूट'ने त्या पुन्हा निर्माव्यात.

कारण न जाणता संपूर्ण तबकडी कोरी करणे हा या प्रसंगी घडणारा सर्वांत घातक प्रमाद होय. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत जाऊन नोंदविलेली वऱ्हाडी बोलीची ध्वनिमुद्रणे अशा तबकडीवर असतील, तर किल्लीसाठी ग्रंथच जाळल्यासारखे होईल. बोलणारी वृद्ध माणसे पुन्हा भेटतीलच असे नाही. म्हणून प्रथम संग्रहाची प्रत दुसऱ्या तबकडीवर घ्यावी, नंतर उरणाऱ्या प्रणालीचा प्रारंभक प्रस्थापित करावा आणि मगच दुसरी प्रणाली काढावी. क्रम एवढा पाळला, तर किल्ली हरवण्याचा प्रसंग सहसा येत नाही.