शिक्का आणि मोर्तब : मराठेशाहीच्या मुद्रा

१/ 'निर्णयावर शिक्कामोर्तब झाले' असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः हे दोन शब्द आहेत आणि त्यांमागे दोन निरनिराळ्या मुद्रा आहेत. मराठेशाहीचा कागद वाचताना हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा लागतो. #थ्रेड

२/ शिक्का ही मोठी मुद्रा. पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले, हे ती सांगते. मोर्तब ही लहान मुद्रा. मजकूर संपला की ती उमटवत. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे आहेत, म्हणजे 'ही मर्यादा येथे शोभते'. पेशव्यांच्या मोर्तबावर 'लेखनसीमा' असे असे.

३/ या सीमेची इतकी काळजी का? वतनाचे कागद पिढ्यान्‌पिढ्या जपले जात आणि तंटा उभा राहिला की पुरावा म्हणून पुढे येत. अखेरच्या ओळीखाली कोणी चार शब्द घुसडले, तर एखाद्या घराण्याची पाटिलकीच धोक्यात येई. मोर्तबाने ती वाट बंद केली.

४/ आता शिक्क्याकडे वळू. दख्खनच्या सुलतानांच्या मुद्रा फारसीत असत. शिवरायांची अष्टकोनी मुद्रा मात्र संस्कृतात आहे. तिचा आशय असा : प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी, विश्वाला वंद्य असलेली, शाहाजींचा पुत्र शिव याची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते.

५/ २८ जानेवारी १६४६ च्या रांझे गावच्या पाटिलकीसंबंधीच्या पत्रावर ही मुद्रा आढळते. महाराजांना तेव्हा सोळावे वर्ष चालू होते आणि राज्याभिषेक २८ वर्षे दूर होता. म्हणूनच चंद्रकोरीची उपमा विलक्षण वाटते. तिच्यात पूर्णत्वाचा दावा नाही, वाढण्याचा निश्चय आहे.

६/ संभाजीराजांची मुद्रा पिंपळपानाच्या आकाराची. तिच्यात ते स्वतःला 'शिवजात', म्हणजे शिवाचा पुत्र म्हणवतात. पित्याच्या मुद्रेत आजोबा, पुत्राच्या मुद्रेत पिता! दोन मुद्रा शेजारी ठेवल्या की तीन पिढ्यांची वंशावळ हाती येते.

७/ प्रधानाच्या मुद्रेत पित्याआधी धनी येतो. बाजीरावांची मुद्रा सांगते : 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान'. 'बल्लाळ' म्हणजे बाळाजीचा पुत्र. राजाच्या हर्षाचा ठेवा, हीच प्रधानाची ओळख.

८/ १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले. पुढे सत्तेची सूत्रे पुण्यात एकवटली, सातारचे छत्रपती नाममात्र उरले. तरीही थोरल्या माधवरावांच्या मुद्रेवर पहिले नाव राजारामाचे, म्हणजे सातारच्या रामराजांचेच आहे. सत्ता पेशव्यांची असली, तरी तिला वैधता छत्रपतींच्या नावानेच मिळत होती.

९/ तेव्हा एखाद्या ग्रंथात वा संग्रहालयात जुने पत्र दिसले, तर मोडी येत नसली तरी थांबा. शिक्का शोधा, त्यावर कोणाचे नाव आधी येते ते पाहा. मग मोर्तब शोधा. पत्राचा अधिकार आणि पत्राची सीमा, दोन्ही तेथे नोंदलेली असतात.