बनारसच्या घरातला फळा

मंडळी, मुलाला गणिताची गोडी लागावी म्हणून घरात काय करायचं, हा प्रश्न व्याख्यान संपलं की हमखास येतो. आज त्यासाठी एक घरच पाहू. घर मराठी, गाव बनारस, काळ साधारण १९४०च्या दशकाचा.

विष्णु वासुदेव नारळीकर मूळ कोल्हापूरचे. केंब्रिजला शिकून आल्यावर मालवीयजींच्या बोलावण्यावरून ते बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. सापेक्षतावादावर भारतात ज्या थोड्या लोकांनी सुरुवातीला काम केलं, त्यांतले ते एक. थोरला मुलगा जयंत, जन्म १९३८. मुलांना खुशाल लिहिता-रेघोट्या मारता याव्यात म्हणून वडिलांनी घरातच भिंतीवर मोठे फळे करून दिले होते.

पुढे मोरुमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, एम.एस्सी. करायला या घरी राहायला आले. भाच्याला गणित आवडतं हे त्यांच्या लक्षात आलं. मग एक दिवस फळ्यावर मथळा दिसला: 'चॅलेंज प्रॉब्लेम फॉर जेव्हीएन'. जेव्हीएन म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, वय शाळकरी! खाली एक कोडं. शाळेच्या पुस्तकात नसलेलं, पण थोडी युक्ती लढवली तर सुटणारं. आणि ते तिथेच राहायचं. जयंताने सोडवेपर्यंत, नाहीतर हार मानून उत्तर मागेपर्यंत.

नारळीकरांनी ही आठवण लेखांतून, मुलाखतींतून आवर्जून सांगितली आहे. लोक ती ऐकतात आणि 'हुशार मामा' एवढंच लक्षात ठेवतात. मला विचाराल तर सगळी मेख त्या न पुसण्यात आहे. आपण काय करतो? मूल दोन मिनिटं अडलं की पेन्सिल आपल्या हातात घेतो. इथे उत्तर माहीत असलेला माणूस त्याच घरात वावरतोय आणि गप्प बसलाय. हे सोपं नाही, करून पाहा. शिवाय मामा परीक्षक नव्हता, गुण देणारा नव्हता. त्याच्यासमोर हरण्यात अपमान नाही, जिंकलं तर ऐट मात्र मोठी. आता कोणी म्हणेल, वडीलच प्राध्यापक, तिथे काय कमी? खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण खडू प्रत्येक घराला परवडतो.

हाच जयंत १९५७ साली केंब्रिजला गेला आणि तिथे सीनियर रँग्लर झाला, हे तुम्हाला माहीतच आहे.

या घराण्याची पुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. जयंतरावांच्या पत्नी मंगला नारळीकर स्वतः गणिती. मुंबई विद्यापीठातून १९६४ साली एम.ए., सुवर्णपदकासह, पीएच.डी. १९८१ साली. मधल्या सतरा वर्षांत संसार आणि तीन मुली. धाकटीचं नाव लीलावती! मंगलाताईंनी पुढे मुलांसाठी 'गणिताच्या सोप्या वाटा' लिहिलं. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष असताना, २०१९ साली, दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असं वाचण्याचा पर्याय आला. केवढा गदारोळ झाला आठवतंय? थेट विधानसभेपर्यंत थट्टा गेली. त्यांचं म्हणणं साधं होतं. जोडाक्षरांच्या संख्यानामांशी झगडतानाच काही मुलं गणिताला बिचकतात. ६३ लिहिताना आधी सहा, बोलताना मात्र आधी तीन. जुने शब्द कोणी काढून टाकले नव्हते.

तो बदल योग्य होता की नाही, यावर सभागृहात दोन तट पडलेले मला इथूनच दिसतायत. मी स्वतः पर्यायाच्या बाजूचा. पण ज्यांच्या घरी सध्या पहिली-दुसरीतलं मूल आहे, त्यांनी आधी बोलावं. माइक मागे द्या.