मातेच्या नावाचा रकाना

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून २७ मे १८७५ या दिवसाचे महत्त्व कोणाला सांगावे लागत नाही. महाराणी जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याच्या काशिराव गायकवाडांचा गोपाळराव त्या दिवशी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला. मुलांची पारख कशी झाली, बारा वर्षांच्या गोपाळरावाने काय उत्तर दिले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याची जन्मदाती उमाबाई मात्र या कथेत जवळजवळ येतच नाही. मूल देणाऱ्या स्त्रीविषयीचे हे मौन फार जुने आहे. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ अथवा घेऊ नये, असे वसिष्ठाने सांगून ठेवले. १९५६ च्या दत्तक कायद्यानेही पिता हयात असता देण्याचा अधिकार त्याच्याकडेच ठेवला. मातेची केवळ संमती मागितली. तो अधिकार उभयतांना समान होण्यास २०१० साल उजाडावे लागले.

दत्तकात निदान मूल आधी जन्मते, मग दिले जाते. देण्यासाठीच मूल पोटात वाढवावयाचे, हा प्रकार बडोद्याच्या शेजारी, चाळीसएक किलोमीटरवरील आणंदात, आपल्या डोळ्यांदेखत रुजला. २००४ च्या आरंभी तेथे एका स्त्रीने इंग्लंडवासी कन्येची जुळी बाळे स्वतःच्या उदरी वाढवून त्यांना जन्म दिला. आजीने नातवंडे प्रसवली, याचे साऱ्यांना कौतुक वाटले. तो मायेचा व्यवहार होता. पुढे काही वर्षांतच दुधासाठी ख्यात असलेले हे गाव परदेशी दांपत्यांच्या ये-जा करण्याने गजबजले.

सरोगसीला आपल्याकडे कोणी ‘भाडोत्री मातृत्व’ म्हणतात, कोणी ‘उसने’. मला दोन्ही शब्द खटकतात. उसने घेतलेले परत करावयाचे असते. येथे मूल जिने वाढविले तिच्याकडे काहीच परत येत नाही.

शासकीय सेवेत नोंदवह्यांशी माझा बराच संबंध आला, म्हणून आणंद नगरपालिकेची अडचण मला विशेष जाणवते. जन्मनोंदीत मातेच्या नावाचा एकच रकाना असतो. जुलै २००८ मध्ये एका जपानी गृहस्थाची कन्या तेथे जन्मली. जन्मापूर्वीच त्या दांपत्याचा घटस्फोट झाला होता. बीज अनाम भारतीय स्त्रीचे, उदर दुसरीचे; पूर्वपत्नीला मूल नको होते. तीन स्त्रिया असूनही मातेचा रकाना रिकामा राहिला आणि दाखल्यावर पित्याचेच नाव आले. जपानहून आलेल्या आजीने त्या तान्हुलीला सांभाळले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि वर्ष संपण्यापूर्वी ती जपानला पोहोचली.

त्याच वर्षीच्या जानेवारीत तेथेच एका जर्मन गृहस्थाची जुळी मुले जन्मली होती. जर्मन कायद्यानुसार प्रसवते तीच माता, म्हणून तो देश त्यांना आपले मानीना. ११ नोव्हेंबर २००९ रोजी गुजरात उच्च न्यायालयाने जन्म देणारी स्त्री हीच नैसर्गिक माता ठरविली. जिला त्या घरात कधीच नेले जाणार नव्हते, तिचे नाव त्या रकान्यात कायम झाले. ही मुले २०१० साली जर्मनीस गेली, तीही दत्तकाच्या मार्गाने. वाट शेवटी जुन्याच शास्त्राकडे वळली!

या निकालांत बालकाच्या हिताचा विचार झाला आणि तो योग्यच होता. परंतु त्या स्त्रीचे नऊ महिने कसे गेले असतील, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. खेड्यापाड्यांतून आलेल्या या स्त्रिया गर्भारपणी रुग्णालयाच्या वसतिगृहात राहत. स्वतःची लहान मुले घरी सासूकडे किंवा नवऱ्याकडे असत. शेजाऱ्यांना ‘बाहेरगावी कामाला गेली’ असे सांगितले जाई. गुजरातमधील अशा स्त्रियांत राहून अमृता पांडे या समाजशास्त्रज्ञ विदुषीने अभ्यास केला. ‘मूल तुझे नव्हे, तुझी केवळ कूस’ असे त्यांच्या मनावर बिंबविले जाई. त्या मात्र म्हणत, बीज दुसरीचे असले तरी रक्त आमचे आहे. मिळालेल्या पैशांतून एखादीचे घर उभे राहिले, एखादीच्या मुलीचे शिक्षण झाले, हेही खरे. तो मोबदला तुच्छ लेखणे आपल्यासारख्या निवृत्तिवेतनधारकांना सोपे आहे.

२०१५ साली परदेशीयांना दारे बंद झाली. २०२१ चा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याने मोबदला गुन्हा ठरविला. औषधोपचाराचा व तत्सम विहित खर्च आणि छत्तीस महिन्यांचा विमा एवढेच तिला मिळते. वय पंचवीस ते पस्तीस हवे, विवाहित असावी, स्वतःचे अपत्य असावे, आणि आयुष्यात एकदाच. बाजार उठला, ते इष्टच झाले. पण पैसा गेला म्हणजे व्यथा गेली, असे कायदा गृहीत धरतो की काय, अशी शंका येते. घरातल्याच जावेला वा बहिणीला गळ घातली जाईल, तेव्हा ‘नाही’ म्हणण्याचे बळ तिला कोठून यावे? पैसे घेणाऱ्या बाईला निदान घरी परत जाता येत होते. जावेला ते मूल रोज डोळ्यांपुढे दिसणार.

रकान्याचा प्रश्न आता कायद्याने सोडविला आहे. मूल जन्मण्यापूर्वीच दांपत्य आणि ती स्त्री यांनी मिळून न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा. पालकत्वाचा जो आदेश निघेल तोच पुढे जन्माचे प्रतिज्ञापत्र ठरतो. मूल कायद्याने त्या दांपत्याचेच. त्या अर्जावर तिची सही असते.